आकाशगंगेच्या आडून: सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणाच्या मापनातला धुळीचा प्रश्न

आर्नो पेन्झिअस आणि रॉबर्ट विल्सन विश्वारंभाच्या शोधात निघालेले नव्हते. न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे बेल प्रयोगशाळेची शिंगाच्या आकाराची एक मोठी अँटेना होती. तिच्या साहाय्याने त्यांना आपल्याच आकाशगंगेभोवतीच्या प्रभामंडळाचे रेडिओ प्रारण मोजायचे होते. त्याआधी उपकरण पारखून घ्यावे म्हणून त्यांनी 7.35 सेंटिमीटर ही तरंगलांबी निवडली, कारण तिथे आकाशगंगा जवळपास गप्प असेल अशी अपेक्षा होती. ती शांतता मिळाली नाही. अँटेना कुठेही वळवली तरी साधारण साडेतीन केल्विनएवढे जादा प्रारण येतच राहिले. 1965 मध्ये जाहीर झालेला वैश्विक सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणाचा, म्हणजे सीएमबीचा, शोध तो हाच. आकाशगंगा जिथे मंद असते तिथे पाहिले म्हणून तो लागला.

आज त्या पार्श्वप्रारणातला सर्वांत क्षीण संकेत शोधताना आकाशगंगा कुठेच पुरेशी मंद नाही, हे स्पष्ट झाले आहे. तिचे प्रारण वजा केल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि वजाबाकी किती बिनचूक झाली हे सांगणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे. या वजाबाकीच्या प्रश्नाचा हा आढावा.

काय मोजायचे आहे

विश्व सुमारे 3,80,000 वर्षांचे असताना अणू तयार झाले आणि प्रकाश मोकळा झाला. तोच प्रकाश आज 2.725 केल्विन तापमानाच्या प्रारणाच्या रूपाने सगळीकडून आपल्यापर्यंत पोहोचतो. 1989 मध्ये सोडलेल्या कोबे उपग्रहाने त्याचा वर्णपट कृष्णवस्तूच्या वर्णपटाशी विलक्षण जुळतो हे दाखवले. 1992 मध्ये त्याच उपग्रहाने दिशेनुसार तापमानात लाखात एक भाग एवढे चढउतार असल्याचे दाखवले. जॉन मॅथर आणि जॉर्ज स्मूट यांना 2006 चे नोबेल मिळाले ते या कामासाठी. त्यानंतर 2001 मध्ये डब्ल्यूमॅप आणि 2009 मध्ये प्लँक हे उपग्रह गेले. विश्वाचे वय, पदार्थाचे प्रमाण, प्रसरणाचा वेग हे सगळे आकडे आज टक्क्याच्या आसपासच्या अचूकतेने सांगता येतात, त्याचे मोठे श्रेय या नकाशांना आहे.

तापमानातले हे चढउतार काही दशक मायक्रोकेल्विनचे असतात. याशिवाय हे प्रारण किंचित ध्रुवित असते, म्हणजे त्याच्या लहरींना कंपनाची पसंतीची दिशा असते. ध्रुवणाच्या नकाशातले आकृतिबंध दोन प्रकारचे असतात. त्यांतला ई-प्रकार 2002 मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या डासी उपकरणाने प्रथम टिपला. दुसऱ्याला बी-प्रकार म्हणतात. विश्वाच्या पहिल्या क्षणी अतिवेगवान प्रसरण, म्हणजे इन्फ्लेशन, झाले असेल आणि त्यातून गुरुत्वीय लहरी उठल्या असतील, तर त्यांचा ठसा मोठ्या कोनांवरच्या या बी-प्रकारात उमटायला हवा. त्याची ताकद r या एका संख्येने सांगतात. r जर 0.01 किंवा त्याहून लहान असेल, तर हा ठसा नॅनोकेल्विनच्या घरातला ठरतो. सगळी लढत या संख्येसाठी आहे.

आड येणारे स्रोत

आकाशगंगा सूक्ष्मलहरी मुख्यतः चार प्रकारे सोडते.

पहिला प्रकार सिंक्रोट्रॉनचा. अतिनवताऱ्यांच्या धक्क्यांतून वेग मिळालेले इलेक्ट्रॉन आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्राभोवती गिरक्या घेतात आणि प्रारण सोडतात. कमी वारंवारतेला हे प्रारण प्रखर असते. वारंवारता दुप्पट झाली की त्याचे तापमान साधारण आठव्या हिश्शावर येते. ते जोरदार ध्रुवित असते, त्यामुळे बी-प्रकाराच्या शोधात ते थेट आडवे येते. दुसरा प्रकार मुक्त-मुक्त प्रारणाचा. तप्त आयनित वायूत इलेक्ट्रॉन प्रोटॉनजवळून जाताना वळतात तेव्हा ते निर्माण होते. त्याला ध्रुवण जवळजवळ नसते, म्हणून आजच्या वादात ते मागे पडले आहे.

तिसरा प्रकार धुळीचा, आणि खरा पेच इथेच आहे. ताऱ्यांमधल्या अवकाशात सिलिकेट आणि कार्बनचे कण विखुरलेले असतात. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असा एक कण घ्या. तो गोल नाही, किंचित लांबोडका आहे. ताऱ्यांच्या प्रकाशाने तो साधारण 20 केल्विनपर्यंत तापतो आणि ती उष्णता अवरक्त व सूक्ष्मलहरींच्या रूपाने बाहेर टाकतो. तो स्वतःभोवती फिरतो आणि फिरता फिरता त्याचा आखूड अक्ष चुंबकीय क्षेत्राच्या दिशेला लागतो. लांब अक्षाच्या दिशेने तो जास्त प्रारण सोडत असल्यामुळे त्याचे प्रारण चुंबकीय क्षेत्राला काटकोनात ध्रुवित होते. असे असंख्य कण एकाच दिशेला लागले, की आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्राचा आकार आकाशावर उमटतो. प्लँकच्या 353 गिगाहर्ट्झच्या नकाशात काही ठिकाणी हे ध्रुवण 20 टक्क्यांपर्यंत गेलेले दिसले. ते इतके मोठे असेल अशी फारशी कोणाची अपेक्षा नव्हती.

चौथा प्रकार आहे 20 ते 30 गिगाहर्ट्झच्या आसपास दिसणारे एक जादा प्रारण. त्याच्याकडे पुढे वळू.

सिंक्रोट्रॉन वारंवारतेबरोबर उतरते आणि धूळ चढते. दोहोंच्या मधली दरी 70 गिगाहर्ट्झच्या आसपास आहे. सीएमबीची प्रखरता 160 गिगाहर्ट्झजवळ सर्वाधिक असते. म्हणजे निसर्गाने एक खिडकी ठेवली आहे, पण ती पूर्ण स्वच्छ नाही.

वेगळे काढण्याच्या रीती

सीएमबीचा वर्णपट नेमका माहीत आहे आणि आकाशगंगेच्या घटकांचे वर्णपट त्याहून वेगळे आहेत. म्हणून एकच आकाश अनेक वारंवारतांना मोजले तर दोन्ही वेगळे करता येतात. डब्ल्यूमॅपकडे 23 ते 94 गिगाहर्ट्झ असे पाच पट्टे होते, प्लँककडे 30 ते 857 असे नऊ. त्यांतल्या सातांत ध्रुवण मोजता येत होते. या आकड्यांचा उपयोग कसा करायचा यावर दोन विचारप्रवाह आहेत.

एका प्रवाहाचे म्हणणे असे, की आकाशगंगेबद्दल कमीत कमी गृहीत धरा. निरनिराळ्या वारंवारतांच्या नकाशांना अशी वजने द्या की बेरजेत सीएमबी जसेच्या तसे राहील आणि बाकीचा चढउतार कमीत कमी होईल. डब्ल्यूमॅपच्या पहिल्याच निकालांत या पद्धतीचा नकाशा होता. तिची सुधारित रूपे आणि तिच्याशी नाते सांगणाऱ्या पद्धती प्लँकमध्ये निल्क, स्मिका या नावांनी वापरल्या गेल्या. दुसऱ्या प्रवाहाचे म्हणणे, की प्रत्येक घटकाचे भौतिकी माहीत आहे तर ते वापरा. सिंक्रोट्रॉनचा घातांक, धुळीचे तापमान, धुळीचा घातांक ही सगळी अज्ञाते आकाशाच्या प्रत्येक बिंदूला एकाच वेळी शोधा. प्लँकमधली कमांडर ही पद्धत या वळणाची. ओस्लो विद्यापीठातल्या गटाने हाच विचार पुढे नेऊन उपकरणाचे दोष आणि आकाशाची रचना एकाच गणितात सोडवण्याचा प्रकल्प हाती घेतला आहे.

पहिल्या रीतीत प्रतिमान चुकण्याची भीती नाही, पण अवशेष किती उरला हे आतून कळत नाही. दुसरीत अवशेषाचा अंदाज मिळतो, पण प्रतिमान चुकले तर चूक थेट उत्तरात शिरते. तापमानाच्या नकाशांबाबत हा वाद आता जवळपास मिटला आहे. प्लँकने वापरलेल्या एकूण चार पद्धतींचे नकाशे आकाशगंगेचा पट्टा झाकल्यावर एकमेकांशी उत्तम जुळतात. सुमारे 78 टक्के आकाश विश्लेषणाला उपलब्ध राहते आणि विश्वरचनेचे आकडे पद्धत बदलली तरी हलत नाहीत. ध्रुवणात मात्र तसे समाधान नाही.

2014 चा दक्षिण ध्रुव

17 मार्च 2014 रोजी हार्वर्डमध्ये बायसेप-2 गटाने जाहीर केले, की त्यांना बी-प्रकाराचा संकेत मिळाला आहे आणि r सुमारे 0.2 आहे. दक्षिण ध्रुवावरच्या त्यांच्या 26 सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीने तीन हंगाम एकच तुकडा पाहिला होता. आकाशाचा हा सुमारे 380 चौरस अंशांचा तुकडा धूळ विरळ असल्याबद्दल ओळखला जात होता. मोजणी उत्तम होती, त्याबद्दल त्यानंतरही कोणी शंका घेतली नाही. त्या आकाशात 150 गिगाहर्ट्झला बी-प्रकाराचे ध्रुवण होतेच. प्रश्न होता तो ते कोणाचे, हा.

बायसेप-2 ने एकाच वारंवारतेला पाहिले होते. प्लँकचे ध्रुवणाचे नकाशे तेव्हा प्रसिद्ध झालेले नव्हते. म्हणून धुळीचा अंदाज प्रतिमानांवरून बांधला गेला आणि त्यांतल्या काहींत ध्रुवण साधारण पाच टक्के धरले होते. एका प्रतिमानासाठी प्लँकच्या एका सादरीकरणातल्या चित्रावरून आकडे काढले होते. त्या चित्रात दूरच्या दीर्घिकांचा अवरक्त प्रकाशही मिसळलेला होता. तो ध्रुवित नसतो, त्यामुळे तो वजा न केल्यास धुळीचे ध्रुवण आहे त्याहून कमी भासते. राफाएल फ्लॉगर, कॉलिन हिल आणि डेव्हिड स्पर्गेल यांनी त्याच वर्षी मे महिन्यात हा मुद्दा मांडला. मायकेल मॉर्टनसन आणि उरोश सेल्याक यांनी स्वतंत्र विश्लेषणातून दाखवले, की हा संकेत धुळीनेही समजावता येतो. सप्टेंबरमध्ये प्लँकने 353 गिगाहर्ट्झवरून 150 कडे उतरून केलेला अंदाज प्रसिद्ध केला. त्या तुकड्यातली धूळच बायसेप-2 च्या संकेताएवढी भरत होती. 2015 च्या सुरुवातीला दोन्ही गटांनी मिळून विश्लेषण केले, तेव्हा धूळ निःसंशय दिसली आणि r बद्दल फक्त 0.12 ही वरची मर्यादा उरली.

या घटनेची आठवण अनेकदा फसलेला शोध म्हणून काढली जाते. मला ते वर्णन अन्यायाचे वाटते. दोन प्रतिस्पर्धी गटांनी वर्षभराच्या आत आपली मापने एकत्र आणून प्रश्न निकालात काढला, हे विज्ञानाच्या व्यवहारात फारसे घडत नाही. बायसेपच्या गटाने पुढे 95 आणि 220 गिगाहर्ट्झच्या दुर्बिणी जोडल्या आणि 2021 मध्ये r ची मर्यादा 0.036 वर आणली. प्लँकची सुधारित मापने त्यात मिसळल्यावर ती 0.032 झाली. इन्फ्लेशनची काही लाडकी प्रतिमाने त्यामुळे बाद झाली.

धूळ किती गुंतागुंतीची

353 वर मोजलेली धूळ 150 वर आणताना तिला सुमारे पंचविसाने भागावे लागते. हा भागाकार सगळीकडे सारखा असेल तर प्रश्न सोपा आहे. नसेल तर 353 चा नकाशा 150 च्या धुळीचे अचूक चित्र देणार नाही. दृष्टिरेषेवर दोन ढग असतील, त्यांची तापमाने वेगळी असतील आणि त्यांतली चुंबकीय क्षेत्रे वेगळ्या दिशांना असतील, तर वारंवारता बदलताना ध्रुवणाची दिशाच फिरेल. या परिणामाला विसंवाद म्हणू या.

प्लँकने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका विश्लेषणात 217 आणि 353 गिगाहर्ट्झच्या नकाशांत असा विसंवाद दिसतो असा दावा होता. ख्रिस्तोफर शीही आणि आंझे स्लोसार यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून पुरावा पुरेसा नसल्याचे दाखवले. प्लँकच्या शेवटच्या विश्लेषणातही तो सापडला नाही. तिथे ध्रुवित धुळीचा घातांक 1.53 असा आला आणि सरासरीने एका साध्या वर्णपटाने काम भागत होते. पण 2021 मध्ये व्हिन्सेंट पेलग्रिम्स आणि सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग धरला. हायड्रोजनच्या निरीक्षणांवरून जिथे दृष्टिरेषेवर एकाहून अधिक ढग असावेत, अशा जागा त्यांनी आधी निवडल्या. तिथे दिशा फिरल्याची चिन्हे दिसली.

या दोन्ही निष्कर्षांत विरोध नाही असे माझे मत आहे. सरासरीत दबून जाणारी गोष्ट नेमक्या जागी पाहिली तर दिसू शकते. r 0.03 च्या आसपास शोधत असू तोवर सरासरी पुरेशी होती. 0.001 शोधायचे तर ती पुरणार नाही. आजच्या तयारीतली सर्वांत कच्ची बाजू इथे आहे. नव्या उपकरणांची क्षमता संगणकावरच्या नकली आकाशांवर तपासली जाते आणि ती आकाशे बहुतांशी प्लँक, डब्ल्यूमॅप व जुन्या रेडिओ नकाशांवरूनच बेतलेली असतात. जो तपशील त्या नकाशांत दिसला नाही तो नकली आकाशात कल्पनेने भरावा लागतो. मग पद्धत यशस्वी ठरते ती आपण कल्पिलेल्या आकाशगंगेपुरती.

यातून बाहेर पडण्याची एक वाट खगोलशास्त्राच्या दुसऱ्याच दालनातून आली. सुझन क्लार्क आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखवले, की उदासीन हायड्रोजनच्या नकाशातले बारीक धागे आणि धुळीच्या ध्रुवणातून दिसणारे चुंबकीय क्षेत्र एकाच दिशेला असतात. हायड्रोजनच्या 21 सेंटिमीटर रेषेतून वायूचा वेगही कळतो, म्हणजे दृष्टिरेषेवरचे थर वेगळे करता येतात. सीएमबीच्या नकाशाला हातही न लावता धुळीच्या ध्रुवणाचा अंदाज बांधणे त्यामुळे शक्य झाले.

तीस गिगाहर्ट्झचे कोडे

1990 च्या दशकात कोबेच्या आकडेवारीत एक विसंगती आढळली. कमी वारंवारतेचे काही प्रारण धुळीच्या नकाशाशी जुळत होते, पण उष्ण धुळीपासून तेवढे प्रारण तिथे येणे शक्य नव्हते. 1997 मध्ये एरिक लीच आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स व्हॅली वेधशाळेतून उत्तर खगोलीय ध्रुवाजवळ तेच पाहिले. पुढच्या वर्षी ब्रूस ड्रेन आणि अलेक्स लाझारियन यांनी स्पष्टीकरण दिले: काही नॅनोमीटरहून लहान कण सेकंदाला अब्जावधी वेळा गरगरतात आणि त्यांच्यावरच्या विद्युतभाराच्या विषम वाटणीमुळे प्रारण सोडतात. पर्सियस आणि रो ओफियुकी या ढगांवरची प्लँकची मोजणी या प्रतिमानाशी छान जुळली.

वाद आता हे कण कोणते यावर आहे. बराच काळ कार्बनच्या कड्यांचे रेणू हेच उत्तर मानले जाई. 2016 मध्ये ब्रँडन हेन्सली, ड्रेन आणि एरन मायस्नर यांनी संपूर्ण आकाशाची तुलना करून दाखवले, की या रेणूंचे प्रमाण जिथे जास्त तिथे हे प्रारण जास्त असे काही दिसत नाही. मग सिलिकेटचे नॅनोकण, लोहाच्या कणांचे चुंबकीय प्रारण असे पर्याय पुढे आले. निर्णय झालेला नाही. सीएमबीच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की या प्रारणाला ध्रुवण अद्याप आढळलेले नाही आणि उजळ ढगांवरून मिळालेली मर्यादा टक्क्याच्या आसपास आहे. पण r 0.001 असेल तर एक टक्काही त्रासदायक ठरू शकतो.

म्हणूनच कमी वारंवारतेच्या सर्वेक्षणांना महत्त्व आहे. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने 2.3 गिगाहर्ट्झला दक्षिण आकाश मोजले, तेनेरीफ बेटावरचे किहोते 10 गिगाहर्ट्झपासून वर मोजते आणि सी-बॅस प्रकल्प 5 गिगाहर्ट्झसाठी आहे. यांतला एकही थेट गुरुत्वीय लहरी शोधत नाही. त्यांना मिळणारे लक्ष आणि निधी मोठ्या सीएमबी प्रकल्पांच्या मानाने तोकडा असतो. ते मला पटत नाही. तापमानासाठी आजही 408 मेगाहर्ट्झचा 1982 सालचा हॅस्लम नकाशा वापरावा लागतो, यातच त्या दुर्लक्षाचे माप आहे.

लहान तुकडा की सगळे आकाश

व्यूहरचनेबद्दलही एकमत नाही. बायसेपच्या परंपरेतले संशोधक म्हणतात, आकाशाचा एक-दोन टक्के स्वच्छ भाग निवडा आणि तिथे वर्षानुवर्षे खोल मोजणी करा. तिथे धूळ कमी असते आणि तिचे प्रतिमानही साधे ठेवता येते. उपग्रहांच्या बाजूने बोलणारे म्हणतात, की गुरुत्वीय लहरींचा ठसा दोन ठिकाणी उमटतो: एक-दोन अंशांच्या कोनांवर आणि दहा अंशांहून मोठ्या कोनांवर. दुसरा पाहायचा तर जवळजवळ सगळे आकाश हवे, आणि पृथ्वीच्या वातावरणाची अडचण नसल्यामुळे उपग्रहाला वारंवारताही मोकळेपणी निवडता येतात. जपानच्या लाइटबर्डच्या आखणीत 34 ते 448 गिगाहर्ट्झमध्ये 15 पट्टे आहेत. चिलीत 5,200 मीटर उंचीवर काम करणारी सायमन्स वेधशाळा जमिनीवर राहूनच 27 ते 280 गिगाहर्ट्झमध्ये सहा पट्टे मोजते.

पहिल्या बाजूची कमजोरी अशी, की एका तुकड्यात संकेत मिळाला तर तो सगळीकडे सारखाच आहे हे दाखवता येत नाही. सीएमबी सगळ्या दिशांना सारख्या गुणधर्मांचे असते, धूळ नसते, त्यामुळे ही कसोटी मोलाची आहे. दुसऱ्या बाजूची कमजोरी म्हणजे सगळे आकाश घेतले की आकाशगंगेचे सर्वांत गुंतागुंतीचे भागही पदरात पडतात. माझा कल दोन्हींच्या बाजूने आहे. पण जमिनीवरचा सर्वांत मोठा नियोजित प्रकल्प, सीएमबी-एस4, याला 2025 मध्ये अमेरिकी संस्थांनी आखलेल्या रूपात पुढे पाठिंबा नाकारला, त्यामुळे ही निवड आता वैज्ञानिकांच्याच हातात राहिलेली नाही.

अडथळ्याचाच उपयोग

2020 मध्ये युतो मिनामी आणि एईचिरो कोमात्सू यांनी आकाशगंगेला वेगळ्या कामाला लावले. सीएमबीच्या ध्रुवणाची दिशा अब्जावधी वर्षांच्या प्रवासात किंचित फिरली असेल, तर एखाद्या नव्या कणाचे किंवा क्षेत्राचे अस्तित्व त्यातून कळू शकेल. अडचण अशी, की उपकरणातले संवेदक किंचित तिरके बसले तरी अगदी तसाच परिणाम दिसतो. पण आकाशगंगेचे प्रारण जवळचे आहे, त्याला फिरायला वेळच मिळालेला नाही. म्हणून त्यावरून संवेदकांचा तिरकेपणा मोजायचा आणि तो वजा करून उरलेला कोन सीएमबीचा धरायचा. उत्तर आले सुमारे 0.35 अंश. पुढे डब्ल्यूमॅपची मापने जोडल्यावर संख्याशास्त्रीय खात्री साडेतीन सिग्मांच्या पुढे गेली.

आक्षेप अर्थातच धुळीचा आहे. ही पद्धत चालते ती धुळीचे स्वतःचे ई आणि बी आकृतिबंध एकमेकांशी जोडलेले नसतील किंवा ती जोडणी माहीत असेल तरच. हायड्रोजनचे धागे आणि चुंबकीय क्षेत्र यांच्यात थोडा तिरपेपणा असेल तर अशी जोडणी निर्माण होऊ शकते, हे क्लार्क आणि सहकाऱ्यांनी दाखवले आहे. नंतरच्या विश्लेषणांत हा परिणाम धरूनही कोन पूर्ण नाहीसा होत नाही, मात्र आकाशाचा किती भाग झाकला यानुसार तो बदलतो. जमिनीवरच्या उपकरणांनी संवेदकांची दिशा स्वतंत्रपणे, कृत्रिम स्रोत वापरून मोजली तर याचा निकाल लागू शकेल.

पुण्यापासून दिसणारे चित्र

या प्रश्नाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. पुण्याच्या आयुका या संस्थेचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत 1993 मध्ये विश्वाचे एक वेगळे प्रतिमान मांडले. त्यात पार्श्वप्रारण म्हणजे जुन्या ताऱ्यांचाच प्रकाश होता, लोहाच्या सुईसारख्या कणांनी शोषून पुन्हा बाहेर टाकलेला. म्हणजे इथे धूळ पार्श्वप्रारणाचा उगमच ठरत होती. कोबेने दाखवलेला काटेकोर वर्णपट आणि चढउतारांची शिखरे यांचे स्पष्टीकरण त्यातून पुरेसे मिळत नाही, असे बहुसंख्य शास्त्रज्ञांचे मत पडले. नारळीकरांनी नंतर शिखरांचेही स्पष्टीकरण द्यायचा प्रयत्न केला. ती मांडणी आज स्वीकारली जात नाही, पण धुळीचा हिशेब कोणीतरी इतक्या गांभीर्याने मांडला याचे मोल कमी होत नाही.

आयुकातले तरुण सौरदीप आणि आयआयटी कानपूरचे राजीब साहा व पंकज जैन यांनी 2006 मध्ये बाहेरचा कोणताही नकाशा न वापरता केवळ डब्ल्यूमॅपच्या आकड्यांवरून आकाशगंगा वेगळी करून दाखवली. वर सांगितलेल्या पहिल्या प्रवाहातले ते महत्त्वाचे काम आहे. पुण्याजवळ खोडदला 30 तबकड्यांच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने 150 मेगाहर्ट्झला आकाशगंगेच्या सिंक्रोट्रॉनचे चढउतार मोजले गेले. ते मुख्यतः विश्वातल्या पहिल्या हायड्रोजनच्या शोधासाठी होते, पण तिथेही अडचण हीच, आणि ती हजारो पट मोठी.

भारतीय गटाने इस्रोकडे सीएमबी-भारत, ऊर्फ इको, या उपग्रहाचा प्रस्ताव ठेवला आहे. त्याच्या नियोजनासाठी झालेल्या एका अभ्यासात निल्क आणि कमांडर या दोन्ही पद्धती नकली आकाशांवर चालवल्या गेल्या. आकाशगंगा साधी धरली तेव्हा दोन्हींनी r 0.001 पर्यंत पोहोचण्याची अपेक्षित क्षमता दाखवली. धुळीत विसंवाद घातला किंवा सिंक्रोट्रॉनचा वर्णपट वक्र केला, तेव्हा निल्कचे उत्तर कमांडरपेक्षा कमी ढळले.

काय सुटलेले नाही

ध्रुवित धुळीचा वर्णपट आकाशाच्या ठिकठिकाणी किती बदलतो हे हव्या त्या अचूकतेने मोजलेले नाही. सिंक्रोट्रॉनचा घातांक सरळ राहतो की वारंवारतेबरोबर वळतो, याचे उत्तर ध्रुवणात फक्त उजळ भागांपुरते मिळाले आहे. 30 गिगाहर्ट्झजवळच्या प्रारणाचे कण ओळखलेले नाहीत. 2006 मध्ये बलूनवरून उडालेल्या आर्केड-2 ने कमी वारंवारतेला जी जादा रेडिओ पार्श्वभूमी मोजली, ती आकाशगंगेच्या प्रभामंडळाची की बाहेरची, हेही ठरलेले नाही. पेन्झिअस आणि विल्सन यांचा मूळ प्रश्न त्या अर्थाने अजून उभा आहे.

सर्वांत कमी चर्चा झालेला प्रश्न पुराव्याच्या कसोटीचा आहे. उद्या एखाद्या गटाने r 0.003 असे जाहीर केले, तर ते कोणत्या अटींवर मान्य करायचे? माझ्या मते किमान तीन अटी आधीच ठरायला हव्यात. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन आकाशभागांत तेच उत्तर यावे. धुळीच्या बाजूचे किंवा सिंक्रोट्रॉनच्या बाजूचे पट्टे आळीपाळीने वगळले तरी ते टिकावे. आणि हायड्रोजनवरून स्वतंत्रपणे बांधलेल्या धुळीच्या नकाशाशी उरलेल्या संकेताचा काही संबंध दिसू नये. सायमन्स वेधशाळा आणि दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणी पाहत असलेले आकाशभाग काही अंशी वेगळे आहेत, त्यामुळे पहिल्या अटीची परीक्षा उपग्रहाची वाट न पाहता सुरू करता येईल.